वय हे नावाच्या जागी लिहू नकोस

अनेक आशीर्वाद.

हर्णै बंदरावर सुकी मासळी विकणाऱ्या बाईंवरचा तुझा लेख काल रात्री दोनदा वाचला. तुझी भाषा चांगली आहे आणि भर उन्हात बंदरावर तासन् तास काढण्याची तुझी तयारी मला फार मोलाची वाटते. तरीही हा लेख आहे तसा छापायला देऊ नकोस, असेच मी सांगणार आहे.

लेखात ‘या वयातही’ हे शब्द तीन ठिकाणी आले आहेत. ‘सुरकुतलेला चेहरा’ आणि ‘थरथरते हात’ पहिल्याच परिच्छेदात आहेत. मात्र त्या बाई जवळा कोणाकडून घेतात, पावसाळ्याआधी किती माल भरून ठेवतात, तो ओल धरू नये म्हणून काय करतात, यांपैकी एकही गोष्ट वाचकाला कळत नाही. त्यांच्या जागी तिशीतली विक्रेती असती, तर हेच प्रश्न तू सर्वांत आधी विचारले असतेस. सत्तरी ओलांडलेल्या माणसासमोर आपण वही मिटतो आणि नातवंड होऊन बसतो. माया वाटते, कौतुक वाटते, पण विचारायचे ते राहून जाते.

माझ्याही हातून हेच घडले आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आदळले, त्यानंतर काही दिवसांनी मी दापोली तालुक्यातल्या एका बागेत गेलो होतो. आडव्या झालेल्या पोफळींमध्ये एक वयस्कर बागायतदार मान खाली घालून बसले होते. मी छायाचित्र काढले, खाली ‘हतबल’ असे लिहिले आणि ते तसेच छापून आले. पुढे पुन्हा भेट झाली, तेव्हा त्यांनी काही न बोलता एक वही माझ्यापुढे ठेवली. शंभर पानी वही, ओलाव्याने कोपरे फुगलेले. आत पेन्सिलीने बागेच्या ओळी आखलेल्या, पडलेल्या झाडावर फुली, वाचण्याजोग्या झाडावर टिंब. मी छायाचित्र काढले तेव्हा ते पंचनाम्यासाठी झाडे मोजून मांडीवरच्या वहीत उतरवत होते. नवी पोफळ धरायला पाच-सहा वर्षे जातात, तोवर मधल्या जागेत केळी किती लावायच्या, याचाही हिशेब त्याच वहीत होता. त्या दिवसांत सगळ्या किनाऱ्याला हवी असलेली बातमी त्यांच्या मांडीवर होती आणि मी त्यांची झुकलेली मान तेवढी पाहिली. ते शल्य अजून गेलेले नाही.

आपल्या भागात ही चूक अधिक महाग पडते. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. तरुण माणसे मुंबई-पुण्याला गेली. मागे राहिलेल्यांनी बागा राखल्या, देवस्थानाचे हिशेब ठेवले, सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडे खेपा घातल्या. गावाचा कारभार ज्यांच्यावर चालतो, ती माणसे बातमीत मात्र बहुधा दोनच रूपांत येतात: गणपतीला चाकरमान्यांची वाट पाहत ओटीवर बसलेली, नाहीतर फोनवरच्या भामट्याने फसवलेली. नळयोजना बंद पडली की प्रतिक्रिया घ्यायला आपण एस.टी. स्टँडवरच्या तरुणाकडे जातो. ज्या बाईंनी त्या योजनेसाठी ग्रामसभेत वर्षानुवर्षे भांडण केले, त्यांच्याकडे कोणी जात नाही.

एकटेपणा, आजारपण, मुलांनी केलेली हेळसांड यांविषयी लिहू नकोस, असे मी म्हणत नाही. ते लिहिलेच पाहिजे, पण ज्येष्ठांच्या हक्काची बाजू सोडून नव्हे. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी २००७ साली केंद्राने कायदा केला आणि त्याखाली निर्वाह न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. रडणाऱ्या आईचे छायाचित्र छापणाऱ्या किती बातम्यांत हे एक वाक्य असते, ते तूच तपासून पाहा.

कौतुकाच्या बातमीतही वय मध्ये येऊ देऊ नकोस. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या पांडुरंग वामन काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पाचवा खंड १९६२ साली पूर्ण झाला, तेव्हा ते ब्याऐंशी वर्षांचे होते. त्या खंडाविषयी लिहिताना वयापाशीच थांबणाऱ्याने ग्रंथ उघडलेलाच नसतो.

आणखी एक गोष्ट. त्या बाईंचे बोलणे तू विनोदी वाटेल अशा रीतीने उतरवले आहेस, आणि त्याच पानावर बंदर अधिकाऱ्याचे बोलणे मात्र शुद्ध करून दिले आहेस. दोघांना एकच नियम लाव. बोली ठेवायची असेल तर तिचा अर्थ आणि तिची धार दोन्ही शाबूत ठेव.

सोमवारी पुन्हा हर्णैला जा. गिऱ्हाईक कमी असेल अशा वेळी बस, जवळा चिमटीत धरून त्या काय पाहतात ते विचार, आणि छायाचित्र कोणते छापायचे हेही त्यांनाच दाखवून ठरव. संपूर्ण लेखात तू त्यांना ‘आजी’ म्हटले आहेस. त्यांचे नाव एकदाही आलेले नाही. ते आडनावासह विचारून घे, आणि मग लेख मला पाठव.