आधी ती जमीन वाच

प्रिय मुली,

तुझ्या प्रबंधाचे दुसरे प्रकरण वाचले. तीन ब्रिटिश कादंबऱ्या घेतल्यास आणि तिन्हींतून एकच निष्कर्ष काढलास, की स्त्री आणि निसर्ग एकरूप आहेत व पुरुषसत्ता दोघांनाही लुटते. मग शेवटी विचारतेस की हे सगळे पटत असूनही लिहिताना कंटाळा का येतो. कादंबरी उघडण्यापूर्वीच उत्तर तयार असल्यावर दुसरे काय होणार?

सेरा मॉसच्या ‘घोस्ट वॉल’मधला (२०१८) बाप घे. लोहयुगातल्या माणसांसारखे जगून पाहण्याच्या प्रयोगासाठी तो बायको-मुलीला नॉर्थम्बरलँडमध्ये घेऊन जातो. झऱ्या-डोहांच्या एका प्राचीन देवतेवरून त्याने मुलीचे नाव सिल्वी ठेवले आहे, आणि तीच मुलगी ओढ्यात अंघोळ करताना सापडते तेव्हा तो तिला पट्ट्याने मारतो. रानातले खाण्याजोगे काय ते सिल्वीला कळते, पण ती बापाने दिलेली शिकवण आहे, स्त्रीत्वाची देणगी नव्हे. स्त्री म्हणजे निसर्ग, हे तर त्या बापाचेच म्हणणे आहे! ते तू स्त्रीवादी निष्कर्ष म्हणून कसे लिहितेस?

म्हणून आधी ती जमीन वाच: ती कोणाची आहे, तिच्यावर कोण राबते, आणि तिथल्या बाईच्या शरीराचा निर्णय कोण घेते.

सेरा हॉलच्या ‘द कारहलन आर्मी’त (२००७) राज्ययंत्रणा स्त्रियांना सक्तीने गर्भनिरोधक साधन बसवते. निवेदिका डोंगरातल्या स्त्रियांच्या शेतावर पळून जाते, तर पोहोचताच त्या स्त्रियाच तिला पत्र्याच्या खोक्यात कोंडतात आणि पुढे तिला शस्त्र चालवायला शिकवतात. ‘पोषण करणारी स्त्री’ हे गृहीतक इथे पहिल्या काही प्रकरणांतच मोडून पडते, आणि तू त्या प्रसंगांवर एक ओळही लिहिलेली नाहीस.

हॉलच्याच ‘हॉजवॉटर’मध्ये (२००२) मँचेस्टर शहराच्या पाण्यासाठी इंग्लंडमधले मार्डेलचे खोरे बुडते, शेतकऱ्याची मुलगी जॅनेट मात्र जलप्रकल्पाच्या माणसाच्याच प्रेमात पडते. (इथे मुळशी आठवेल. आठवू दे, पण प्रबंधात आणू नकोस. ते पाणी वेगळे, ती मालकीही वेगळी.)

मी चिडते आहे, कारण ही चूक माझी आहे. स्त्री आणि निसर्ग यांचे शोषण एकाच मुळातून येते असे मानणारी ‘पर्यावरणीय स्त्रीवाद’ ही संज्ञा फ्रेंच स्त्रीवादी लेखिका फ्रान्स्वाज दोबोन यांनी १९७४ साली रूढ केली, तिच्या मोहात मी वर्षे घालवली. निसर्गाशी स्त्रीचे नाते तिच्या श्रमातून, वर्गातून आणि मालमत्तेच्या हक्कांतून घडते, हे अर्थतज्ज्ञ बिना अगरवाल यांनी १९९२ मध्ये मांडले होते. मी ते वाचले, टिपण काढले आणि प्रबंधातून वगळले, कारण माझ्या मार्गदर्शकांना ‘स्त्री म्हणजे निसर्ग’ हे समीकरण प्रिय होते. पुढे हाच मुद्दा मांडणारा लेख एका नियतकालिकाने सिद्धान्ताची भर घाला म्हणून परत पाठवला, तेव्हा मी एक शब्दही बदलला नाही. तो अजून कपाटात आहे. सहकारी याला हट्ट म्हणत. पण एकदा वगळण्याची किंमत मोजल्यावर दुसऱ्यांदा वगळणे मला शक्य नव्हते, आणि आजही मी तसेच वागेन.

पुढच्या मसुद्याच्या पहिल्या पानावर दोबोन नको. मार्डेल बुडण्यापूर्वी जॅनेटचे कुटुंब स्वतःच्या जमिनीवर राबत होते की खंडाने घेतलेल्या, एवढेच कादंबरीतून शोधून दोन परिच्छेद पाठव.

तुझी,
बाई