विकायच्या घरात काय दुरुस्त करायचं नाही

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

कॉन्ट्रॅक्टरचं कोटेशन पाहिलं. नवा ओटा, ट्रॉल्या, दोन्ही बाथरूमच्या टाइल्स, हॉलला पीओपी, पावणेपाच लाख. आईबाबांचं घर चार लोकांसमोर नीटनेटकं जावं असं तुला वाटतं, ते कळतं मला. पण हे घर विकायचं आहे, त्यात राहायचं नाही.

आधी सोसायटीच्या सेक्रेटरींना गाठ. रिडेव्हलपमेंटचा विषय मीटिंगमध्ये आला आहे का, एवढंच विचार. कोथरूडमधली तीस वर्षांची तीनमजली बिल्डिंग म्हटल्यावर हा विषय कुठे ना कुठे शिजत असतोच. बिल्डरशी बोलणी सुरू असतील तर घेणारा कार्पेट एरिया, पार्किंग आणि नव्या इमारतीत वाढून मिळणारी जागा मोजतो. तुझा नवाकोरा ग्रॅनाइट त्याच्या लेखी राडारोडा. तसं असेल तर कोटेशन फाडून टाक.

बोलणी नसली तरी स्वयंपाकघराला हात लावू नकोस. कडप्प्याचा ओटा बघून कुणी घर नाकारत नाही. घेणारी मंडळी तो फोडणारच असतात. शिवाय खर्च करून भाव तेवढा चढतो असंही नाही. कर्ज देणाऱ्या बँकेचा व्हॅल्युअर मुख्यतः एरिया, बिल्डिंगचं वय आणि आसपासचे व्यवहार बघतो. रेडी रेकनरला, म्हणजे सरकारी दरांच्या तक्त्याला, तर तुझ्याकडे ट्रॉल्या आहेत की फळ्या, याचा पत्ताच नसतो. मोझेकची फरशी राहू दे. फार वाटलं तर हॉलपुरतं मशीन पॉलिश मारून घे.

ओलीचं मात्र वेगळं आहे. तुझ्या फोटोत बेडरूमच्या भिंतीला, बाथरूमच्या बाजूनं, कमरेइतक्या उंचीपर्यंत पोपडे सुटलेत. रंगारी म्हणेल, ‘खरवडून पुट्टी मारतो ताई, काही दिसणार नाही.’ थोडे दिवस दिसणार नाही हे खरं, मग पुट्टीखालून पांढरा क्षार पुन्हा फुलतो. आणि बाकी घर जुनं नि एकच भिंत चकचकीत दिसली की जाणता माणूस आधी तिथेच हात फिरवतो.

त्यापेक्षा खालच्यांना सांगून ठेव, बाथरूमच्या ट्रॅपला, म्हणजे जाळीखालच्या पाणी जायच्या तोंडाला, कापडाचा घट्ट बोळा लाव आणि दोन बोटं पाणी रात्रभर साठव. सकाळी पाणी उतरलेलं असेल किंवा खालच्या छताला ओल धरली असेल, तर जमिनीचं वॉटरप्रूफिंग गेलंय. तसं काही नसेल तर भिंतीतल्या पाइपवर संशय घ्यायचा. प्लंबरकडून दुरुस्तीचा अंदाज लेखी घे. काम करून घे किंवा करू नकोस, पण तो कागद घेणाऱ्याच्या हातात दे. आकडा समोर असला की तो तेवढेच कमी करायला सांगतो; नसला की मनातल्या भीतीप्रमाणे लाखात पाडून मागतो. कायद्याचंही आहे: मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, आपल्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत न कळणारा महत्त्वाचा दोष विकणाऱ्यानं सांगायलाच हवा. दुरुस्ती टाळायला हरकत नाही, लपवायला आहे.

दुसऱ्या बाथरूमच्या छताला जो डाग आहे, त्यावर तर स्वतःचा एक रुपया घालू नकोस. सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, म्हणजे आदर्श उपविधींप्रमाणे, वरच्या फ्लॅटमधल्या आतल्या गळतीचा खर्च संबंधित सभासदांचा, आणि बाहेरच्या सामायिक पाइपाची गळती असेल तर सोसायटीचा. सोसायटीला पत्र दे, पोच घे.

आता जे टाळायचं नाही ते. सगळे नळ, फ्लश, ट्यूबलाइट, पावसात फुगून अडकणारं बाथरूमचं दार. ठिबकणारा नळ म्हणजे बहुतेकदा वॉशरचा प्रश्न, पण बघायला आलेला माणूस त्यावरून अख्ख्या प्लंबिंगचा निकाल लावून मोकळा होतो. दाराला सुतार रंधा मारून देईल. ड्राय बाल्कनीतली कबुतरांची घाण काढ, जाळी नीट बसव. माळ्यावरचं सामान हलव. भरलेल्या घरात खोल्या लहान दिसतात.

खर्चाची बिलं कॅपिटल गेनमधून, म्हणजे घर विकून झालेल्या करपात्र नफ्यातून, वजा होतील असं कॉन्ट्रॅक्टर म्हणाला असेल तर आधी सीएला विचार. रंगरंगोटी नि डागडुजी त्यात सहसा धरत नाहीत.

ॲडव्हान्स अजून दिला नसशील असं धरून हे लिहिलंय. दिला असशील तर आधी मला फोन कर.

– मामा