तो फलक रंगवू नकोस

प्रिय मित्रा,

तुझा रात्री दोनचा मेसेज सकाळी चहा गाळताना वाचला, आणि चहा तसाच ओट्यावर राहिला. तुमच्या तृतीयपंथी मैत्रिणीला मारणाऱ्यांना फाशी व्हावी म्हणून रविवारी मोर्चा आहे, फलक तुझ्याकडे आलेत आणि तुझा हात चालत नाहीये. "काका, फाशी मागितली नाही तर आपण तिला विसरलो असं होईल का?"

नाही होत. तो फलक रंगवू नकोस.

तुझा राग मला कळतो. २०१९च्या कायद्यात तृतीयपंथी व्यक्तीवरच्या लैंगिक अत्याचाराला जास्तीत जास्त दोन वर्षं कैद आहे, हे वाचून माझंही डोकं फिरलं होतं. त्यावर भांड. तपासासाठी पोलिसांच्या मागे लाग. पण जीव घ्यायचा हक्क सरकारच्या हातात देऊ नकोस.

२७ नोव्हेंबर १८३५ला लंडनच्या न्यूगेट तुरुंगाबाहेर जेम्स प्रॅट आणि जॉन स्मिथ यांना फासावर चढवलं. दुसऱ्याच्या भाड्याच्या खोलीत हे दोन पुरुष प्रेमिकांसारखे एकत्र होते आणि घरमालकाने कुलपाच्या भोकातून पाहिलं, एवढाच गुन्हा. त्यांना खटल्यासाठी पाठवणाऱ्या दंडाधिकाऱ्यानेच नंतर दया मागितली. त्याचं म्हणणं असं की, श्रीमंतही हेच करतात, पण त्यांना आडोसा परवडतो म्हणून ते सापडत नाहीत. त्याच इंग्रजांनी आपल्याला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ दिलं. युगांडात तर २०२३च्या कायद्याने पुन्हा पुन्हा दोषी ठरणाऱ्या समलिंगी माणसाला फाशी आहे. हे सगळं जुनं झालं असं म्हणू नकोस.

ते निर्दोष होते, हे खुनी आहेत, असं तू म्हणशील. अमेरिकेतल्या साउथ डकोटाचा चार्ल्स ऱ्हाइन्सही खुनी होता. त्याने दुकानातल्या तरुणाचा जीव घेतला होता, त्यात शंका नाही. पण जन्मठेप की मृत्युदंड हे ठरवताना, याला पुरुषांच्या तुरुंगात पाठवलं तर याच्या मनासारखंच होईल, अशी बोलणी ज्यूरीत झाल्याचं पुढे ज्यूरींनीच सांगितलं. नोव्हेंबर २०१९मध्ये त्याला मारलं. शिक्षा खुनाची होती, आणि तराजूत त्याचं समलिंगी असणंही पडलं होतं. जीव घ्यायचा हक्क दिलास की तो कुणावर, कशासाठी चालेल हे तुझ्या हातात राहत नाही रे!

मी तो फलक धरलाय. डिसेंबर २०१२, दिल्लीच्या त्या घटनेनंतरचा मेणबत्ती मोर्चा. 'फाशी द्या', माझ्याच अक्षरात, लाल रंगात. शेजारच्या मैत्रिणीने दोनदा विचारलं, "नक्की?" मी तिच्यावर ओरडलो. वर्षभरात, ११ डिसेंबर २०१३ला, सर्वोच्च न्यायालयाने ३७७ परत आणलं आणि मी पुन्हा गुन्हेगार झालो. ज्याच्या हातात दोर दिला, त्याच्याच वहीत माझं नाव. त्या रात्री पलंगाखालून तो फलक काढला आणि फाडला. मैत्रिणीला फोन मात्र केला नाही. आजही केलेला नाही.

त्यानंतर मी कुठल्याच फाशीसाठी सही केली नाही. गटातले चौघं सोडून गेले, मला निर्दय म्हणाले. माझं बोलणं तिखट होतं, कबूल. पण मी चुकलो नव्हतो, आणि हे मी कितीही वेळा सांगेन: जीव घ्यायचा हक्क देऊ नकोस.

फलकावर तिचं नाव लिही. कागदोपत्री होतं ते नको, तिने स्वतः घेतलेलं. खाली लिही, 'तपास कुठवर आला?' ऑइल पेंट घे, पोस्टर कलर पावसात ओघळतो. रविवारी मीही येतोय, एक फलक माझ्यासाठी ठेव.

तुझा,
काका