जळगावात मुलीसाठी जुना पियानो घ्यायचाय, काय बघून घ्यावा?

वरच्या पॉलिशवर जाऊ नका, आधी खुंट्या बघा. पियानोत साधारण 230 तारा असतात. प्रत्येक तार ज्या पोलादी खुंटीला गुंडाळलेली असते, ती लाकडात घट्ट बसलेली हवी. खुंट्या सैल असतील तर आज लावलेला सूर आठवडाभरात उतरतो आणि ती दुरुस्ती फार महागात पडते. म्हणून सूर लावणारा जाणकार सोबत न्याच, मुंबई-पुण्याहून बोलवावा लागला तरी. मधला 'ए' हा सूर 440 हर्ट्झला हवा; तो किती खाली गेलाय, हे मोबाइलवरच्या ट्यूनर अ‍ॅपवर तुम्हालाही दिसेल.

मग सगळ्या 88 पट्ट्या एकेक करून हळू दाबा. एखादी अडकते, खडखडते का? झाकण उघडून टॉर्च मारा: तारांवर गंज, तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांच्या नमद्यावर (दाबलेल्या लोकरीवर) खोल चरे, कसर लागल्याच्या खुणा दिसतात का? मुंबईच्या दमट हवेतून आलेला असेल तर गंज नीट बघा.

आपल्याकडे मे महिन्यात पारा 45च्या आसपास जातो, लाकूड सुकून आकसतं. त्यामुळे पियानो पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीला नको आणि कूलरच्या ओल्या झोतात तर अजिबात नको. घरी आणल्यावर दोन-तीन आठवडे नुसता राहू द्या, मग सूर लावून घ्या.