मेकॅनिकलची डिग्री आहे, आयटी सपोर्टमध्ये नोकरी करतोय. डेटा सायन्समध्ये पदव्युत्तर पदवी घ्यावी का?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं : बीई मेकॅनिकल, नंतर पुण्यात सपोर्टची नोकरी, एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) बऱ्यापैकी येतं, पण गणिताला इंजिनिअरिंगनंतर हात लावलेला नाही. त्यात घरच्यांचा लकडा, "आता एमटेक तरी कर." मी नोकरी सोडून डेटा सायन्समध्ये एमएस्सी केलं, म्हणून सांगतो.

घ्या, पण कोर्सच्या नावावर जाऊ नका. पहिल्या वर्षाचा सिलॅबस उघडा. संभाव्यता, लिनिअर अल्जिब्रा, संख्याशास्त्रीय अनुमान हे विषय पूर्ण क्रेडिटचे असतील, तर पुढचं वाचा. त्याऐवजी पायथन, टॅब्लो, पॉवर बीआय, हडूप अशी वाण्याच्या यादीसारखी नावं असतील तर ती वेबसाइट बंद करा. टूल्स काय, नोकरीत गरज पडली की माणूस आपोआप शिकतो. पण ऑफिसात समोर बसवून तुम्हाला कोणी लाइकलिहूड, म्हणजे हाती आलेला डेटा एखाद्या मॉडेलशी कितपत जुळतो याचं गणित, शिकवणार नाही. दोन वर्षं आणि फी द्यायची ती त्यासाठी.

गणिताची भीती तुम्हाला वाटते तितकी खरी नाही. एम-वन, एम-टू या इंजिनिअरिंगच्या गणिताच्या पेपरांना मॅट्रिक्सच्या आयगनव्हॅल्यू काढल्या होत्या ना? पेपरपुरत्या का होईना. प्रिन्सिपल स्ट्रेस काढताना तुम्ही नकळत स्ट्रेस टेन्सरच्या आयगनव्हॅल्यूच काढत होता. डेटा सायन्समधलं पीसीए (अनेक रकान्यांचं सार थोड्या रकान्यांत आणायची पद्धत) हे गणिताच्या दृष्टीने तेच आहे, फक्त मॅट्रिक्स कोव्हेरियन्सची. त्यामुळे लिनिअर अल्जिब्रात मेकॅनिकलवाले अडत नाहीत. दमछाक होते ती संभाव्यतेत, कारण तिथे सूत्र पाठ करून भागत नाही. ती आतापासूनच सुरू करा, रोज थोडी, कागद-पेन घेऊन.

आता पदवीत नेमकं काय मिळतं ते माझ्या प्रोजेक्टवरून सांगतो. विषय होता कांद्याचा भाव. बाजार समित्यांची रोजची आवक, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण दर ही माहिती अॅगमार्कनेट या सरकारी वेबसाइटवर मोफत मिळते. वाटतं, डाउनलोड केली आणि मॉडेल चालवलं. प्रत्यक्षात लासलगावच्या आकड्यांत खिंडारं दिसतात. काही रविवारची. काही अमावास्येची, कारण नाशिककडे अमावास्येला लिलाव बंद ठेवायची जुनी प्रथा होती. काही व्यापाऱ्यांच्या बंदची. या रिकाम्या जागी शून्य भरायचं, आदल्या दिवशीचा भाव भरायचा, की काहीच नाही? प्रत्येक पर्यायाने उत्तर बदलतं. त्यात लाल कांदा आणि उन्हाळ कांदा वेगळे. एक टिकत नाही, दुसरा कांदाचाळीत महिनोन्‌महिने राहतो. दोघांचे आकडे एकत्र केले की मॉडेल भलतंच काहीतरी शिकतं.

मग गाइडचा पहिला प्रश्न : "उद्याचा भाव आजच्याइतकाच राहील, एवढंच म्हटलं तर किती चुकतं?" या एका ओळीच्या अंदाजाला हरवणं भल्याभल्या न्यूरल नेटवर्कना जड जातं. आणि कोणी फार मोठी अचूकता घेऊन आला, तर बहुतेक वेळा त्याने ट्रेनिंगचे (मॉडेलला शिकवायचे) आणि टेस्टचे (त्याला तपासायचे) दिवस सरमिसळ वाटलेले असतात, म्हणजे मॉडेलला उद्याचा भाव आधीच दाखवलेला असतो. त्यावर पुन्हा सरकार आहेच. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, डिसेंबरात थेट निर्यातबंदी आली. जुन्या भावांच्या रकान्यात याची चाहूल कुठून लागणार? व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, सगळा वेळ यावरच गेला, अल्गोरिदमबद्दल जेमतेम विचारलं. संशयाची ही सवय मला पदवीने लावली.

तुमच्यासाठी वाटा कोणत्या? गेट या एमटेकच्या प्रवेश परीक्षेत २०२४ पासून 'डेटा सायन्स आणि एआय' हा वेगळा पेपर आहे आणि मेकॅनिकलवालाही तो देऊ शकतो. स्कोअर तीन वर्षं चालतो. आयआयटी-एनआयटीत गेटवर एमटेकला प्रवेश मिळाला तर महिन्याला १२,४०० रुपये स्टायपेंडही मिळतो. पुण्यातल्या पगारापुढे फार नाही, पण घरी हात पसरावा लागत नाही. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचं डेटा सायन्समधलं दोन वर्षांचं एमएस्सी आहे, त्याची प्रवेश परीक्षा वेगळी. एमसीए २०२० पासून दोनच वर्षांचं झालंय. सॉफ्टवेअरकडे ओढा असेल तर ते ठीक, संख्याशास्त्र हवं असेल तर त्यात फारसं हाती लागणार नाही. सी-डॅक या सरकारी संस्थेचा बिग डेटाचा कोर्स साधारण सहा महिन्यांचा, वर्षातून दोनदा प्रवेश. पुण्यात त्याचं नाव आहे, पण तो डिप्लोमा आहे. पुढे पीएचडी किंवा परदेशाचा विचार असेल तर पदवीच लागेल. "नोकरी करता करता वीकेंडला डेटा सायंटिस्ट व्हा" वाल्या फोनना मी तरी नम्रपणे नाही म्हणतो.

प्लेसमेंटचं विचाराल तर सर्वात मोठं पॅकेज किती, हे विचारू नका. मधलं पॅकेज किती आणि वर्गातल्या किती जणांना नोकरी लागली, हे विचारा. उत्तर सीनियर देतात, माहितीपत्रक देत नाही.

राजीनामा मात्र आत्ता नको. गेटचे फॉर्म साधारण ऑगस्टअखेरीस निघतात, परीक्षा फेब्रुवारीत. तोवर जुने पेपर वेळ लावून सोडवा. शिवाय तुमच्याकडे एक घबाड आहे, सपोर्टची तिकिटं, म्हणजे तक्रारींच्या नोंदी. मॅनेजरला विचारून, नावं-नंबर काढून, कोणतं तिकीट मुदतीत सुटणार नाही याचा अंदाज बांधून बघा. एसक्यूएल येतंच. यात रात्री कधी बारा वाजले ते कळलं नाही, तर फॉर्म भरा. आणि कंटाळून दुसऱ्याच दिवशी फाइल बंद केलीत, तर सपोर्टमधून क्लाउड किंवा डेव्हऑप्सकडे (सर्व्हर आणि सॉफ्टवेअर चालतं ठेवायच्या कामाकडे) जायचा रस्ता तुम्हाला जवळचा आहे. पगारही तिथे वाईट नाहीत.