धडक झाली नाही, तरी इंटरफिअरन्स होतो

सर, तुम्ही विचारलेला प्रसंग आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचं सगळ्यांना लागेल. तालुक्याचा सॉफ्टबॉलचा सामना, 17 वर्षांखालील मुली, एक बाद, रनर (बॅटिंग संघाची बेसवरून धावणारी खेळाडू) दुसऱ्या बेसवर. बॅटरने मारलेला चेंडू जमिनीवरून शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या फिल्डरकडे गेला. रनर तिसऱ्या बेसकडे धावताना शॉर्टस्टॉपच्या अगदी समोरून गेली. शॉर्टस्टॉप थबकली, चेंडू तिच्या पायांखालून मागे गेला आणि रनरने होम (बॅटिंगची जागा) गाठून धाव काढली. रनरने अडथळा आणला, म्हणजे इंटरफिअरन्स झाला, अशी हरकत तुम्ही घेतली तेव्हा पंच म्हणाले, "धक्का लागलाच नाही, मग इंटरफिअरन्स कसला?"

पंचांचा निर्णय कदाचित बरोबर असेल, पण त्यांनी दिलेलं कारण साफ चूक आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि पुढे प्रोटेस्टच्या (निर्णयाविरुद्ध नोंदवायच्या तक्रारीच्या) वेळी हाच फरक कामाला येतो.

इंटरफिअरन्सला धडक लागत नाही. बॅटिंग करणाऱ्या बाजूच्या कुणीही फिल्डरच्या खेळात अडथळा आणला किंवा तिचा गोंधळ उडवला की झाला इंटरफिअरन्स. तो अंगाने होतो, बॅटने होतो आणि तोंडानेही होतो. फ्लाय (हवेत उडालेला चेंडू) घ्यायला फिल्डर वर बघत सरकत असताना शेजारून जाणारी रनर "माझा, माझा!" असं ओरडली आणि फिल्डरने हात आखडला, तर बोटभरही स्पर्श नसताना रनर बाद.

पंचाने स्वतःला पहिला प्रश्न विचारायचा तो हा: चेंडू मारलेला होता की फेकलेला? निम्मे वाद इथेच मिटतात. मारलेला चेंडू अडवणाऱ्या फिल्डरला वाट करून देणं ही रनरची जबाबदारी. ती बेसलाइनवरून सरळ धावत होती, तिला फिल्डर दिसलीच नाही, तिने मुद्दाम केलं नाही, यातलं काहीही इथे चालत नाही. बेसलाइन रनरच्या मालकीची असते हा समज आपल्याकडे फार खोल रुतलेला आहे. चेंडू बॅटवरून आलेला असेल तर ती जागा फिल्डरची. फेकलेल्या चेंडूचं उलट आहे. थ्रो रनरच्या पाठीवर आदळला, हेल्मेटला लागून बाहेर गेला, तरी खेळ चालू राहतो. तिने मुद्दाम हात घातला, खांदा आडवा केला किंवा चेंडूला लाथ मारली, तरच ती बाद.

आता तुमच्या शॉर्टस्टॉपकडे येऊ. समोरून कुणी गेलं एवढ्यावर इंटरफिअरन्स देता येत नाही. रनरला तिसऱ्या बेसला जायचंच आहे. बघायचं ते हे, की तिच्या जाण्याने फिल्डरचं काय बदललं. यासाठी चेंडूवर नव्हे, फिल्डरच्या पायांवर नजर हवी. चेंडूकडे येणारी पावलं मध्येच थांबली, गुडघे सरळ झाले, जमिनीकडे असलेला ग्लोव्ह छातीकडे आला, नजर चेंडूवरून उठून रनरवर गेली, तर ती बुजली असं समजा आणि डेड बॉल पुकारा, म्हणजे खेळ तिथेच थांबवा. याउलट रनर तीन-चार पावलं आधीच निघून गेली, फिल्डर खाली बसली, ग्लोव्ह जमिनीला टेकला आणि मग चेंडू सुटला, तर ती फिल्डिंगची चूक. आपल्या मैदानांवर आणखी एक सांभाळावं लागतं. काळ्या मातीला भेगा असतात, वर टाकलेल्या मुरमात खडे असतात. चेंडू शेवटच्या क्षणी अवचित उसळतो आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं, पोरगी रनरमुळे दचकली. उसळी आधी की दचकणं आधी, एवढंच बघा.

संरक्षण एकाच फिल्डरला मिळतं. शॉर्टस्टॉप आणि तिसऱ्या बेसवाली दोघी चेंडूवर झेपावल्या, तर चेंडू अडवण्याची खरी संधी कुणाला होती हे पंच ठरवतात. दुसरी फिल्डर रनरच्या वाटेत आली आणि रनर अडखळली, तर ते ऑब्स्ट्रक्शन, म्हणजे फिल्डरने रनरला केलेला अडथळा; चूक फिल्डिंग करणाऱ्या संघाची. आणि जिला संरक्षण आहे तिच्या ग्लोव्हला लागून चेंडू पाऊलभर अंतरात, हाताच्या टप्प्यात पडला, तर तिचं संरक्षण कायम. चेंडू लांब उडाला आणि ती मागे धावताना वाटेत आली, तर मात्र नाही.

रनरला मारलेला चेंडू लागणं हा वेगळा कप्पा. बेस सोडलेल्या रनरला फेअर (फाऊल लाइनच्या आतला) चेंडू लागला, त्याला आधी कुणाचा हात लागलेला नाही आणि पिचर (चेंडू टाकणारी) सोडून कुठल्याही इनफिल्डरला (बेसजवळच्या फिल्डरला) ओलांडून तो गेलेला नाही, तर रनर बाद, बॅटरला पहिला बेस. फिल्डरच्या ग्लोव्हला लागून वळलेला चेंडू अंगावर आला, तर मुद्दाम अडवल्याशिवाय बाद नाही. बेसवर पाय असताना लागला, तरी मुद्दाम नसेल तर बाद नाही. म्हणून तिसऱ्या बेसच्या रनरला एक सवय लावा: पिच (पिचरने बॅटरकडे टाकलेला चेंडू) सुटल्यावर लीड घ्यायची, म्हणजे बेस सोडून पुढे सरकायचं, ती फाऊल लाइनच्या बाहेरून. तिथे चेंडू लागला तर तो नुसता फाऊल, आत लागला तर तुमची रनर गेली.

शिक्षेचा हिशेब पाठ असावा. चेंडू तिथेच डेड, अडथळा आणणारी रनर बाद, बॅटरला पहिला बेस. बाकीच्या रनर अडथळ्याच्या क्षणी ज्या बेसला शेवटचा पाय लागला होता तिथे परत, फक्त बॅटरमुळे पुढे सरकावं लागलं तर तेवढ्याच सरकतील. तुमच्या सामन्यात इंटरफिअरन्स दिला असता तर दोन बाद, पहिल्या बेसवर एक रनर आणि धाव रद्द, असं चित्र झालं असतं. डबल प्ले (एकाच खेळीत दोघी बाद) मोडण्यासाठीच अडथळा आणला हे उघड दिसत असेल, तर तिच्या लगेच मागची रनरही बाद. फाऊल फ्लायवर अडथळा आला तर रनर बाद आणि बॅटर पुन्हा बॅटिंगला.

पहिल्या बेसकडची तीन फुटी लेन हे आपल्या भागातलं सगळ्यात दुर्लक्षित प्रकरण आहे. होम ते पहिला बेस 60 फूट, म्हणजे 18.29 मीटर. त्यातल्या शेवटच्या 30 फुटांत लाइनच्या बाहेर 3 फूट रुंद लेन आखलेली हवी. बंट (बॅटने हलकेच टेकवलेला चेंडू) किंवा कॅचरच्या (होममागच्या फिल्डरच्या) हातून सुटलेला तिसरा स्ट्राइक होमजवळ पडला, कॅचरने पहिल्या बेसकडे थ्रो केला आणि लेनबाहेर धावणाऱ्या बॅटरमुळे बेसवरच्या फिल्डरला तो घेता आला नाही, तर बॅटर बाद. पाऊल पूर्ण बाहेर आणि जमिनीला टेकलेलं असावं लागतं. रेषेवर असेल तर ती आतच. थ्रो झालाच नाही तर काहीच नाही. मारलेला चेंडू अडवणाऱ्या फिल्डरला चुकवायला ती बाहेर गेली असेल तरीही नाही. अडचण अशी की फक्कीच्या रेघा दुसऱ्या-तिसऱ्या इनिंगपर्यंत पुसल्या जातात, आणि रेघ नसताना पंच हा निर्णय द्यायला धजत नाहीत. 9 मीटर 14 सेंटिमीटरवर गाठ मारलेली दोरी आणि फक्कीचा डबा बेंचपाशी ठेवा, दर दोन इनिंगनंतर लेन पुन्हा आखून घ्या. पाच मिनिटांचंही काम नाही.

बॅटरबद्दल थोडक्यात. बॉक्सच्या (बॅटरसाठी आखलेल्या चौकटीच्या) आत आहे म्हणून ती सुरक्षित असते असं नाही. कॅचर थ्रो करत असताना ती बॉक्सबाहेर पाऊल टाकून आड आली तर बाद, आत राहून मुद्दाम आड आली तरी बाद. चेंडू डेड, रनर परत. स्विंग पूर्ण करून जागच्या जागी उभी राहिली असेल तर तिला दोष देऊ नका.

पुकारण्याची पद्धत निर्णयाइतकीच महत्त्वाची. इंटरफिअरन्स दिसला की त्याच क्षणी दोन्ही हात वर आणि मैदानभर ऐकू जाईल असा "डेड बॉल!" मग त्या रनरकडे बोट, "इंटरफिअरन्स", आऊटची खूण, आणि त्यानंतर बाकीच्यांना त्यांच्या बेसवर पाठवणं. ऑब्स्ट्रक्शनला खेळ थांबत नाही: डावा हात आडवा ताठ, मूठ बंद, आणि खेळ पुढे चालू. नवे पंच हे दोन्ही हटकून उलटसुलट करतात. इंटरफिअरन्स बघूनही खेळ संपेपर्यंत थांबले, की मधल्या वेळात दोन रनर पुढे पळतात, एक थ्रो बाहेर जातो, आणि मग सगळं मागे आणताना दोन्ही बेंच मैदानात येतात. दोन पंच असतील तर रनर आणि फिल्डरची जोडी बेसच्या पंचाने बघायची, लेन होमच्या पंचाने, कारण लाइनीत सरळ त्यालाच दिसतं. तालुक्याला बहुधा एकच पंच असतो. त्याने चेंडू मारला जाताच कॅचरच्या मागून बाहेर यावं. तिथेच उभं राहिलं तर शॉर्टस्टॉपपुढची रनर एका रेषेत येते आणि दोघींमधलं अंतर कळतच नाही.

आता प्रोटेस्ट. "मला वाटतं शॉर्टस्टॉपला अडथळा झाला नाही" असं पंच म्हणाले असते, तर तो त्यांचा अंदाज, त्यावर प्रोटेस्ट चालत नाही. पण ते म्हणाले, "धक्का नाही म्हणून इंटरफिअरन्स नाही." हे नियमाचं चुकीचं लावणं आहे आणि त्यावर प्रोटेस्ट चालतो. अट एकच, पुढचा पिच पडण्याआधी सांगावं लागतं. टाइम मागा, एकटेच पंचांकडे जा, आवाज खाली ठेवा आणि नेमकं विचारा: "सर, अडथळा झाला नाही असं तुमचं मत आहे, की धक्का नसल्यामुळे देता येत नाही असं?" उत्तर दुसरं आलं तर तिथल्या तिथे प्रोटेस्ट नोंदवायला सांगा आणि स्कोअररकडे इनिंग, किती बाद, रनर कुठे आणि बॅटरचा काउंट (बॉल आणि स्ट्राइक किती) लिहून घ्या. सामना संपल्यावर, जेवणाच्या मांडवात काढलेला मुद्दा कितीही खरा असला तरी धाव परत जात नाही.