अक्षर ताणू नका, रुंद घडवलेलं निवडा

प्रश्न : नंदनवनात हार्डवेअरचं दुकान काढतोय. पाटी 20 फूट लांब, 3 फूट उंच. मुलाला इंग्रजीतली जाड, रुंद, कोपरे गोल केलेली अक्षरं आवडली. तीच धाटणी मराठीत करून मागितली, तर सोबत पाठवलेला नमुना आला. अक्षरं सुजल्यासारखी दिसतात आणि 'धनश्री' हे नाव लांबून वाचता येत नाही. काय करावं?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : मुलाची निवड चांगली आहे, ती सोडू नका. लांबट पाटीवर छोटं नाव असेल तर रुंद अक्षर जागा भरून काढतं आणि चालत्या गाडीवरूनही चटकन वाचता येतं. वर्तुळ आणि सरळ रेघ यांवर बेतलेली ही धाटणी रुजवण्यात जर्मनीच्या पॉल रेनर यांच्या 1927च्या 'फ्यूचुरा' या फॉन्टचा मोठा वाटा आहे. मुलाला आवडलेली अक्षरं मात्र इटलीच्या आल्दो नोवारेझे यांच्या 1962च्या 'युरोस्टाइल'च्या वळणाची वाटतात. त्यात गोलाच्या जागी कोपरे गोलावलेला चौकोन आहे.

बिघडलंय ते पुढे. तुमचा नमुना मी मोठा करून पाहिला. साधा बोल्ड फॉन्ट कोरलमध्ये (पाट्या बनवायच्या संगणक-प्रोग्रॅममध्ये) आडवा ओढलाय. असं केलं की काना जाडजूड होतो आणि शिरोरेघ होती तेवढीच राहते. मुळात रुंद घडवलेल्या अक्षरात वाढते ती पोटातली पोकळी. शिवाय आडवी रेघ उभीपेक्षा किंचित बारीक काढतात, कारण दोन्ही मोजून सारख्या ठेवल्या तर आडवीच जाड भासते. ओढाताणीत हा सगळा हिशेब मोडतो.

त्यावर जाडी वाढवायला चारही बाजूंनी आउटलाइन दिलीय, आणि खरं नुकसान तिथे झालंय. 'ध'च्या डोक्यावर शिरोरेघेत फट असते. ती बुजली की 'ध'चा 'घ' होतो. तुमच्या नमुन्यात मला पहिल्यांदा 'घनश्री'च दिसलं! 'भ' आणि 'म'चं तेच. 'श्री'च्या पायाशी असलेली र-काराची तिरपी रेघही कान्यात मिसळलीय. जाड देवनागरी निवडताना मी आधी या फटी तपासतो, बाकी सगळं नंतर.

तयार फॉन्टच हवा असेल तर 'पॉपिन्स' बघा. इंडियन टाइप फाउंड्रीचा आहे, देवनागरी आणि रोमन एकत्र घडवलेले आहेत, आणि दुकानासाठीही मोफत वापरता येतो. 'युरोस्टाइल'इतका रुंद नाही, पण 3 फुटांत वेलांटीलाही जागा लागते, म्हणून अक्षराचा मुख्य भाग तसाही लहान ठेवावा लागेल. उरलेली लांबी ओढून भरू नका, दोन्ही बाजूंना मोकळी सोडा. अगदी रुंदच हवं असेल तर पाच अक्षरांचं काम नाही, तीनच आहेत. अक्षरं काढणाऱ्या चांगल्या माणसाकडून हातानं काढून घ्या. पैसे वसूल होतील.

इंग्रजी नाव मराठीपेक्षा मोठं ठेवू नका. दुकानं-आस्थापना कायद्यातल्या 2022च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या दुकानांना तसं करता येत नाही, आणि मराठी नाव आधी यायला हवं.

आतून एलईडी लावणार असाल तर 'ध'ची फट आणखी थोडी वाढवून घ्या. उजेड पसरतो आणि दिवसा स्वच्छ दिसणारी फट रात्री मिटते. अॅक्रिलिक कापण्याआधी एक 'ध' पूर्ण मापात करून घ्या आणि दिवा लावून रस्त्यापलीकडून बघा.